कुणाचा विरोध?

शेजारणीने बऱ्याच दिवसांपासून बोलावलं होतं, म्हणून एका रविवारी तिच्याबरोबर तिच्या चर्चमध्ये गेले. आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या जवळ राहतो, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या अगदी माहेरघरात. कुठल्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या कुठल्या स्थानिक मंडळीत जायचं हे इथे पत्त्यावरून ठरतं, त्यामुळे आत पाऊल टाकलं तर निम्मी गल्लीच बाकांवर बसलेली. पगारी पुरोहित नाही. बिशप म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच नोकरी-धंदा सांभाळणारा माणूस.

सुरुवातीलाच एका बाईंचं नाव पुकारलं. लहान मुलांना शिकवायची सेवा त्यांच्याकडे आली होती. ‘‘ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करा.’’ सगळे उजवे हात वर, आईच्या मांडीवरच्या पोराचासुद्धा. मग लगेच, ‘‘कुणाचा विरोध असेल तर त्यांनीही हात वर करा.’’ क्षणभर शांतता. पुढचं नाव. त्यानंतर बारा-तेरा वर्षांची मुलं पांढरे शर्ट घालून पावाचे तुकडे आणि इवल्याशा पेल्यांतलं पाणी वाटत फिरली, पण माझं मन त्या क्षणभराच्या शांततेतच अडकलं होतं.

आपल्याकडे सरपंच बिनविरोध निवडून आला की गाव गुलाल उधळतं. मला मात्र तेव्हाही वाटायचं, ज्याला ‘नाही’ म्हणायचं होतं तो कुठे बसला असेल?

सर्वांच्या संमतीनेच कारभार चालावा, हे यांच्या धर्मग्रंथात 1830 पासून लिहिलेलं आहे. पण उमेदवार एकच असतो आणि तो वरून ठरून येतो. सर्वोच्च नेत्याला, म्हणजे ज्यांना ते प्रेषित मानतात त्यांना, कुणी मत देऊन निवडत नाही. त्यांच्या खालोखालच्या वरिष्ठ नेत्यांपैकी, म्हणजे अपोस्टलांपैकी, सर्वांत ज्येष्ठ त्या जागी येतो. 2025 मध्ये रसेल नेल्सन 101 व्या वर्षी वारले आणि 93 वर्षांचे डॅलिन ओक्स आले. ओक्स पूर्वी युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. अमेरिकेची राज्यघटना ईश्वरी प्रेरणेतून आली, अशी या चर्चची शिकवणच आहे. म्हणजे आज्ञापालन आणि लोकशाही, दोन्ही एकाच देवाच्या नावाने.

ही ओढाताण जुनी आहे. 1945 मध्ये चर्चच्या मासिकात छापून आलं, की आपले नेते बोलले म्हणजे विचार करून झालेला असतो. एका बाहेरच्या पाद्र्याने त्यावर काळजीने पत्र लिहिलं, तेव्हा त्या वेळचे प्रमुख जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी ही चर्चची भूमिका नाही असं उत्तर दिलं. हे वाचून मला फार बरं वाटलं. पण ते उत्तर खाजगी पत्रात होतं, आणि मासिक घरोघरी गेलेलं होतं.

तरी लोक मतपेटीपाशी आपलं डोकं वापरत आले आहेत. अमेरिकाभरची दारूबंदी उठवू नका, असं तेव्हाचे प्रेषित हेबर ग्रांट उघडपणे सांगत होते. पण दारूला न शिवणाऱ्या याच युटाने 5 डिसेंबर 1933 ला ती उठवायला संमती देणारं 36 वं राज्य होऊन घटनादुरुस्ती पक्की केली; तेवढ्याच राज्यांची संमती लागत होती.

‘नाही’ उघडपणे म्हटलं की मात्र किंमत पडते. स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला चर्चचा विरोध होता. सोनिया जॉन्सन तिच्या बाजूने जाहीरपणे लढल्या आणि 1979 मध्ये त्यांना चर्चमधून काढून टाकलं. इथे राहिल्याशिवाय या शिक्षेचं वजन कळत नाही. बाळंतिणीला आठवडाभर डबे पोचवणारी, घर बदलताना सोफा उचलायला वीस माणसं धाडणारी तीच मंडळी असते. ती तुटली की गल्लीच तुटते. माझं स्पष्ट मत आहे, की मतभेदासाठी माणसाकडून गल्ली काढून घेणं अन्याय आहे, कुठल्याही धर्मात.

चर्चमधून परतल्यावर मी हे सगळं शेजारणीला बोलून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग 2018 ची गोष्ट सांगितली. औषधी गांजाला परवानगी द्यावी का, यावर युटात मतदान होतं. त्या प्रस्तावाविरुद्ध मत द्या, असं चर्चने सभासदांना कळवलं होतं. तिचा नवरा तेव्हा केमोथेरपी घेत होता, घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. मतपत्रिका इथे टपालाने घरी येते. ती दोन आठवडे फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवली होती, म्हणाली. शेवटी एका रात्री स्वयंपाकघरात बसून ‘होय’ वर खूण केली, पाकिटावर सही केली आणि सकाळी कुणी उठायच्या आत पेटीत टाकून आली.

प्रस्ताव जवळपास 53 टक्के मतं मिळून मंजूर झाला. पुढे विधिमंडळाने चर्चला मान्य होईल असा तडजोडीचा कायदा त्याच्या जागी आणला, तो भाग वेगळा.

‘‘बिशपना सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘त्यांनी विचारलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि रविवारी प्रेषितांसाठी हात मी तेव्हाही वर करत होते, आजही करते. मनापासून करते. नवऱ्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.’’