काकांची वही आणि एबीएसचा दिवा

कराडला पाटण रोडवर माझं छोटं गॅरेज आहे. दोन पोरं हाताखाली, एक लिफ्ट, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा एक स्कॅनर, ज्याचे हप्ते तेव्हा अजून चालूच होते. २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट, सकाळी शटर वर केलं तर समोर एक पांढरी हॅचबॅक उभी आणि बोनेटला टेकून एक काका, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. चिपळूणहून पहाटे निघून घाट चढून आलेले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, तीस वर्षं लाल डबा चालवला, त्यातला निम्मा काळ कुंभार्ली घाटात. म्हणाले, "मिस्त्री, एबीएसचा दिवा जात नाही. तीन गॅरेज झाली. एकजण तर म्हणाला मीटर खोलून दिवाच काढून टाकू, कशाला डोक्याला ताप. मी म्हटलं मग माझे डोळे पण काढ." एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, तिच्यात बिघाड झाला की मीटरवर हा पिवळा दिवा लागतो.

आता चिपळूणची गाडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? पूर. २२ जुलैला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हाच्या कितीतरी गाड्या नंतर आमच्याकडे वर आल्या होत्या, सीटखाली चिखल, कनेक्टरमधे हिरवी बुरशी, ईसीयू म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर गेलेले. काकांना विचारलं, गाडी पाण्यात होती का? म्हणाले, होती पण वरच्या आळीत, पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच आलं, आत थेंब नाही. झालं, मी मनात निकाल देऊन टाकला, वायरिंग सडलंय. काका पुढे बरंच काही सांगत होते, खिशातून एक लाल वही काढली, त्यात तारखा वगैरे, मी हो हो करत स्कॅनर लावायला घेतला. इथेच माझं चुकलं पण ते कळायला संध्याकाळ झाली.

स्कॅनरवर दोन कोड आले, दोन्ही पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचे, म्हणजे चाक किती वेगात फिरतंय ते एबीएसला सांगणाऱ्या सेन्सरचे. वरचा सर्किटचा होता, म्हणजे वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला टाईपचा. खालचा मी नीट वाचलाच नाही, खरं सांगतो. चाक काढलं, फेंडरच्या आतला कनेक्टर उघडला तर पिनांवर थोडी हिरवट बुरशी सापडलीच. साफ केलं, पिना आवळल्या, कोड इरेज केले, चावी दिली, सगळे दिवे लागून तीन सेकंदांत एबीएसचा दिवा गेला. मी पोराकडे बघून हसलो. काकांनी गाडी बाहेर काढली, रस्त्याला लागले आणि शंभर मीटरवरून रिव्हर्स घेत परत. दिवा चालू.

"मी सांगत होतो ना," काका म्हणाले, "गल्लीत येत नाही. रस्त्याला लागलं की येतो."

हे वाक्य ऐकून खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. वायर तुटलेली असती तर कॉम्प्युटरला ते चावी दिल्या दिल्या कळलं असतं, कारण तो सेन्सरला करंट पाठवून उभ्या गाडीतच सर्किट तपासतो, दिवा गेलाच नसता. दिवा आधी जातो आणि गाडी पंधरा-वीसच्या स्पीडला गेल्यावर येतो याचा अर्थ सर्किट ठीक आहे, पण बाकीची तीन चाकं फिरतायत असं दिसतंय आणि चौथं काहीच बोलत नाहीये. पण डोक्यात पूर बसलेला, मी दुपारी दोनपर्यंत वायरिंगची कंटिन्युटी, म्हणजे वायर कुठे तुटलीय का ते बघत बसलो, सेन्सरपासून पार एबीएसच्या ब्लॉकपर्यंत. सगळं शंभर टक्के ठीक. मग सेन्सरवर संशय, तर काका म्हणाले दोनदा बदललाय, आधीच्या गॅरेजवाल्याने एकदा आणि त्याच्या नंतरच्याने एकदा, दोन्ही बिलं वहीत लावलेली आहेत.

जेवायला बसलो तेव्हा ती वही माझ्यासमोर आली. काकांचं अक्षर मोत्यासारखं, डिझेल-पेट्रोल, किलोमीटर, टायरची हवा सगळं तारखेनिशी, एसटीत लॉगशीट भरायची सवय असणार. त्यात ऑक्टोबरमधे एक ओळ: डावीकडून घुं घुं आवाज, पुढचं बेअरिंग बदललं. त्याच तारखेला, त्याच्या खालच्या ओळीत: घरी येताना एबीएसचा दिवा लागला. मी भाकरी हातात धरून ती ओळ दोनदा वाचली. सकाळी काका हेच वाचून दाखवत होते.

आता थोडं समजून सांगतो. जुन्या गाड्यांत सेन्सरसमोर दातेरी लोखंडी रिंग असायची, डोळ्याला दिसायची, एखादा दात तुटला की लगेच कळायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत ती रिंग नाही, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमधेच बारीक बारीक चुंबक असतात, नॉर्थ साऊथ नॉर्थ साऊथ असे गोल. दिसायला ते साधं काळपट रबरी सील, आणि दुसऱ्या बाजूला चुंबक नसलेलं साधं सील. नव्या पोराला दोन्ही सारखीच वाटतात. आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी नकलमधे, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तुकड्यात, तितक्याच मजेत बसतं, ते दाबून बसवणाऱ्या प्रेस मशीनला काय फरक पडतो. उलटं बसवलं तरी गाडी चालते, आवाज जातो, ब्रेक लागतो, फक्त चुंबक सेन्सरकडे न बघता बाहेर हबकडे, म्हणजे चाक ज्याच्यावर आवळतात त्या बाजूला बघत बसतात.

पण अंदाजावर नकल उतरवायची नव्हती, कारण दाबून बसवलेलं बेअरिंग काढलं की ते कामातून गेलं, नवीनच लागणार. म्हणून आधी सेन्सर तपासला. हा दोन वायरवाला ॲक्टिव्ह सेन्सर, याचे ओहम मोजून काही कळत नाही (आधीच्याने तेच मोजून सेन्सर गेला म्हणून सांगितलेलं), याचा करंट बघावा लागतो. मल्टीमीटर सिरीजमधे लावून, चावी चालू ठेवून सेन्सरच्या टोकासमोर एक छोटा चुंबक उलटासुलटा केला तर सात मिलीॲम्पियरवरून चौदा, चौदावरून परत सात. सेन्सर ठणठणीत. तो परत जागेवर बसवला आणि चाक हाताने फिरवलं, आकडा हलायला तयार नाही. म्हणजे समोर चुंबकच नाही.

खात्रीसाठी एक गावठी युक्ती केली. दोऱ्याला टाचणी बांधली, उजवीकडचा सेन्सर काढून त्या भोकातून आत सोडली. आत टेकल्यावर हळूच ओढली तर हलकीशी चिकटलेली, सोडताना टिक करून सुटली. तेच डाव्या भोकात केलं, टाचणी मोकळी लोंबकळली. काका वाकून बघत होते, त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं.

नकल उतरवून शेजारच्या लेथवाल्या मामांकडे प्रेसला नेली. बेअरिंग बाहेर आल्यावर मामांच्या लेथखालचा लोखंडाचा बारीक कीस एका कागदावर घेतला, कागद सीलवर धरला आणि बोटाने टिचकी मारली, कीस सरसर उभ्या रेघांत मांडला गेला, कंगव्याच्या दातांसारखा. ती बाजू बाहेरच्या अंगाला होती. आता म्हटलं तर आधीच्या मेकॅनिकला शिव्या घालायला चांगली संधी होती, पण मी सकाळपासून काय केलं होतं ते मला माहीत होतं त्यामुळे गप्प बसलो.

आणि तो सर्किटवाला कोड? तो आधीच्या कोणीतरी चावी चालू असताना सेन्सर उपटला तेव्हाचा जुना पडून राहिलेला. खालचा, मी न वाचलेला कोड सरळ सांगत होता: सिग्नल नाही.

नवीन बेअरिंग मार्केटमधून मागवलं, चुंबकाची बाजू आत सेन्सरकडे ठेवून, बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) दाब देत बसवलं, सर्कलिप, हब, नट टॉर्कला. अंधार पडला होता. काकांना बाजूला बसवून ओगलेवाडीच्या रस्त्याला ट्रायल घेतली, मधे स्कॅनरवर चारही चाकांचे आकडे एकसारखे पळताना त्यांना दाखवले. दिवा आला नाही. मग म्हटलं आता तुम्ही चालवा, आणि कडेला खडी सांडलेल्या मोकळ्या पट्ट्यात जोरात ब्रेक मारायला सांगितला. मारला आणि दचकलेच.

"पायाखाली काय थरथरतंय हे?"

"एबीएस काम करतंय काका. चाक लॉक होऊ देत नाही."

"एवढी वर्षं हवेचे ब्रेक दाबले, पण असलं नाही बघितलं," म्हणाले आणि अजून दोनदा मारून बघितला. गाडी २०१८ ची, म्हणजे त्यांच्याकडे तीन वर्षं होती, पण माणूस इतका जपून चालवणारा की एबीएसला कधी काम करायची वेळच आली नसावी. मी त्यांना एवढं सांगून ठेवलं की नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतोच, घाबरायचं नाही, पण त्याच्याबरोबर लाल ब्रेकचाही दिवा लागला तर घाटात उतरायचं नाही, गाडी तिथेच उभी करायची.

बिलात मी बेअरिंग, प्रेसचे पैसे आणि दुपारनंतरची मजुरी लावली. सकाळची नाही. काकांनी विचारलं का, म्हटलं सकाळी मी तुमची गाडी नाही, पूर दुरुस्त करत होतो. त्यांनी वही काढली, तारीख, किलोमीटर, रक्कम लिहिली, माझ्याकडून सही घेतली. गॅरेजवाल्याची सही मागणारा गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितला.

रात्री साडेनऊला फोन आला. हेळवाकला चहाला थांबलेत, दिवा नाही.

"पण मिस्त्री," काका म्हणाले, "पाटण सोडल्यापासून उजवीकडून बारीक घुं घुं येतंय. पाण्यात ते पण चाक होतंच की. लिहून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात येतो. तेवढं सुलटं बसवा."