कल्याणी

आज पहाटे भाचीला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी जळगावला सोडलं. ८०० मीटर धावून आली तेव्हा धड बोलताही येत नव्हतं तिला, पण चेहरा फुललेला. अमळनेरला परतल्यावर आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हाई पोर बी कल्याणीसारखीच शे!"

भाचीला कल्याणी कोण ते माहीत नव्हतं. मग संध्याकाळभर 'उडान'च निघालं. ही मालिका १९८९ साली दूरदर्शनवर लागायची. शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसायची. आई भाकरी टाकून यायची, एरवी कधी न येणारी! आयपीएस झालेली कल्याणी साकारली कविता चौधरीनं, आणि लिहिली, दिग्दर्शितही तिनंच. गोष्ट तिच्या सख्ख्या बहिणीवरून सुचलेली. त्या कांचन चौधरी भट्टाचार्य २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला डीजीपी.

सर्फच्या जाहिरातीतली ललिताजीही कविताच. पुढे ती पडद्यावर फारशी दिसली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमृतसरला वारली. ती बातमी मी आईला सांगितलीच नव्हती. आज सांगितली. आई बराच वेळ गप्प होती.

भाची आता मोबाईलवर पहिला भाग बघतेय. आई शेजारी बसलीय, चष्मा पुसून.