पिशवीतली पित्ताची गोळी

फाइलवर ‘पार्किन्सन्स’, म्हणजे कंपवात, असं निदान आधीच लिहिलेलं होतं. त्यावरचं लिव्होडोपा हे औषध चालू होतं, तरी आजींना काडीचा फरक नव्हता. चेहरा निर्विकार, ओठ थरथरणारे, पावलं घासत चालणं.

“दिवाळीचा सगळा फराळ आईनं एकटीनं केला होता हो, डॉक्टर,” मुलगा म्हणाला. आणि अजून होळीही झाली नव्हती.

मला तेच खटकलं. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. इथे दोन्ही हात सारखेच ताठ, तेही चारेक महिन्यांत.

“आजी, रोज कुठल्या गोळ्या घेता?”

“बीपीची आन् शुगरची.”

“पिशवी दाखवा बरं.”

तळाशी कॅप्सूलची एक पट्टी होती. आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल आणि सोबत जठराला चालना देणारं लिव्होसल्पिराइड.

“ती व्हय, पित्ताची. ती काय औषधात धरायची?”

पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ती कॅप्सूल आजी गणपतीपासून रोज घेत होत्या. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत होता. याचा मला मनापासून राग येतो.

मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी स्ट्रायटम या दुसऱ्या भागाला डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन पुरवतात, त्यावर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. पार्किन्सन्समध्ये या पेशीच मरतात. आजींच्या पेशी बऱ्यापैकी शाबूत असाव्यात, असा माझा अंदाज होता. पण डोपामिन पेशींवरच्या ज्या डी-२ रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागांवर) काम करतं, तेच लिव्होसल्पिराइडनं अडवले होते. जठराला चालना द्यायलाही ते हेच रिसेप्टर अडवतं, फक्त पोटापुरतं थांबत नाही. रिसेप्टरच अडलेले, तर मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं लिव्होडोपा वरून देऊन काय होणार? उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन यांनीही असं होऊ शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांत जास्तच.

कॅप्सूल बंद केली, लिव्होडोपाही हळूहळू कमी करून थांबवायला सांगितलं. नवीन काहीच लिहून देत नाही म्हटल्यावर मुलगा जरा नाराज झाला. “गुण यायला काही आठवडे लागतील, कदाचित महिनेही,” मी त्याला समजावलं.

आषाढीच्या आधी आजी कुणाचा हात न धरता आत आल्या आणि सुनेची तक्रार सांगत बसल्या. ताठरपणा गेला होता. उजव्या अंगठ्यात मात्र बारीकसा कंप उरला आहे. काही जणांत आत दबा धरून बसलेला खरा पार्किन्सन्स अशा औषधामुळे लवकर उघडा पडतो. म्हणून त्यांना दर तीन महिन्यांनी बोलावलं आहे, गोळ्यांच्या पिशवीसकट.