उपासाचा बटाटा आणि यॉलची पुळण

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या बसस्थानकावर मी पहिल्यांदा 'यूघल' या समुद्रकाठच्या गावाचं तिकीट मागितलं, तेव्हा चालकाने कान पुढे केला. मी पुन्हा म्हटलं. मागच्या दोघांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग तो अगदी प्रेमाने म्हणाला, "यॉल." इंग्रजीत लिहायला सात अक्षरं (Youghal) आणि बोलायला एक घास. देवनागरी असती तर दोन अक्षरांत काम भागलं असतं, असं मनात आलंच. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'यू वृक्षांचं बन'.

यंदा आई आली होती, आणि आम्हाला वेळ मिळाला तो नेमका आषाढी एकादशीला. "समुद्रावर जाऊ, पण माझा डबा बरोबर घ्यायचा," ही तिची अट. सकाळपासून स्वयंपाकघरात बटाट्यांशी तिचं भांडण चाललं होतं. इथल्या लोकांना पिठूळ बटाटा आवडतो. साल तडकून आतला पांढरा भुगा दिसला की 'पिठाचे गोळे आहेत अगदी' म्हणून कौतुक करतात. आईला हव्या होत्या उपासाच्या भाजीसाठी नीट राहणाऱ्या फोडी. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि आत लापशी. "अगं, हा बटाटा आहे की भस्म?" शेवटी तुपात जिरं-मिरची तडतडवून, त्यात भरपूर दाण्याचं कूट घालून तिने तो भुगा सावरला आणि स्टीलच्या डब्यात दाबून भरला.

यॉलला उतरल्यावर आधी वेस लागते. वेसच म्हणायला हवं, दुसरा शब्दच नाही. मुख्य रस्त्यावर कमान, कमानीवर मजले, वर घड्याळ, आणि खालून गाड्या मुकाट्याने निघालेल्या. 1777 साली बांधलेल्या या मनोऱ्यात पुढे तुरुंग होता. इंग्रजांविरुद्धच्या 1798 च्या आयरिश उठावाच्या सुमारास बंडखोरांना त्याच्या खिडक्यांतून फाशी दिलं गेलं. आता तिथे तिकीट काढून वर जाता येतं. आई खालीच थांबली. "एकादशीला फाशीची जागा नको," म्हणाली. गावामागच्या चढावर जुनी तटबंदी अजून बऱ्यापैकी उभी आहे. तिच्या डागडुजीसाठी 1275 मध्ये इंग्लंडच्या राजाने सनद दिली होती. तटाच्या कडेला सेंट मेरीचं तेराव्या शतकातलं चर्च, आणि त्याच्या शेजारी झाडीत दडलेलं मर्टल ग्रोव्ह नावाचं घर. घर खासगी आहे, भिंतीवरून डोकावण्यापलीकडे आपल्याला काही मिळत नाही.

पण त्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. सर वॉल्टर रॅले इथे राहिला, असं गाव सांगतं. तो यॉलचा नगराध्यक्ष होता, हे मात्र कागदोपत्री खरं, 1588 आणि 1589. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला हा माणूस. मन्स्टर या आयर्लंडच्या दक्षिण प्रांतातल्या आयरिश सरदारांची जमीन जप्त झाली, त्यातली सुमारे 42,000 एकर याला मिळाली. राखता काही आली नाही. 1602 मध्ये दीड हजार पौंडांत त्याने ती रिचर्ड बॉइलला विकून टाकली. बॉइल त्यावर गब्बर झाला आणि आता सेंट मेरीत रंगीत थडग्यावर कोपर टेकून पहुडला आहे. रॅलेच्या वाट्याला दंतकथा आल्या. याच बागेत तो चिलीम ओढत बसला होता, आणि मालक पेटला असं वाटून नोकराने त्याच्यावर पाणी ओतलं, ही एक. आयर्लंडमधला पहिला बटाटा त्याने याच बागेत लावला, ही दुसरी. इतिहासकारांना ती पटत नाही. गावाला पटते, आणि पटायला हवीच.

आईने हात जोडले. "अगं, घरालाच नमस्कार?"

"बटाट्याला गं. तो नसता तर आषाढीला काय खाल्लं असतं?"

आपल्याकडचा बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, नावसुद्धा त्यांच्याकडचंच, रॅलेचा त्यात काही हात नाही, हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "असू दे. नमस्कार वाया जात नाही."

या गावाला दुसऱ्याच्या गोष्टी अंगावर घ्यायची सवयच दिसते. 1954 मध्ये दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने देवमाशाच्या शिकारीवरच्या 'मोबी डिक' या चित्रपटाचं चित्रीकरण इथे केलं, तेव्हा धक्क्यावरच्या दुकानांवर अमेरिकी पाट्या लागल्या आणि यॉल काही आठवड्यांसाठी कथेतलं अमेरिकी बंदर, न्यू बेडफर्ड, झालं. चौकातला पब अजून त्या देवमाशाच्या नावाने चालतो.

गावाची वस्ती संपता संपता फ्रंट स्ट्रँड सुरू होतो. पुढे क्लेकॅसल, त्याच्यापुढे रेडबार्न, पण वाळूला ही नावं माहीत नसावीत, ती आपली सरळ पसरत जाते. लांबलचक पुळण. वाळू वाहून जाऊ नये म्हणून समुद्रात रोवलेल्या जुन्या लाकडी खांबांच्या रांगा, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि ओहोटीत प्रत्येक खांबाच्या बुडाशी वाटीएवढं डबकं. आई त्या डबक्यांत बराच वेळ वाकून बघत होती. पाण्यात पाय घातला आणि "आई गं!" करून मागे फिरली. जुलैतही ते पाणी घोट्याला चावतं. शेजारी पाच-सहा वर्षांची दोन पोरं मात्र गळ्यापर्यंत आत होती.

किनाऱ्याला लागूनच जुनं रेल्वे स्टेशन. कॉर्कहून इथवर 1860 मध्ये गाडी आली आणि कॉर्ककरांना रविवारचा समुद्र मिळाला. 1963 मध्ये रोजची प्रवासी गाडी बंद झाली, तरी उन्हाळ्यात सहलीच्या गाड्या पुढेही काही वर्षं धावत होत्या. आता मिडलटनपासून 23 किलोमीटर त्याच मार्गावर सायकली धावतात.

फळ्यांच्या पायवाटेवरच्या बाकावर आम्ही डबा उघडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सत्तरीच्या एक बाई थर्मासमधला चहा पीत होत्या. तुपाचा वास गेला असणार. काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. आईने तिच्या इंग्रजीत सांगितलं, "फास्टिंग. टुडे ओन्ली पोटॅटो."

बाईंनी डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. त्यांच्या लहानपणी गुड फ्रायडेला कोरा चहा आणि कोरडा पाव एवढंच मिळायचं, म्हणाल्या, आणि भूक लागली म्हटलं तर आजी डोळे वटारायची. बटाटा, शेंगदाणे, लोणी आणि त्याला उपास म्हणायचं, हा धर्म आम्हाला कुणी आधी का नाही सांगितला?

मी आईला मराठीत समजावलं. तिला 'एकादशी आणि दुप्पट खाशी'चं इंग्रजी हवं होतं, ते मला जमलं नाही. तोवर तिने झाकणात दोन चमचे भाजी काढून बाईंपुढे धरलीही होती. बाईंनी एक घास खाल्ला. मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, चहाचा घोट घेतला आणि झाकण परत पुढे केलं.

"बटाटा आमचाच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," आई म्हणाली. "म्हणून तर फुटला."