तुम्ही विचारलंत म्हणून: संत्री फोटोत पिवळी का पडतात?

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटमधले नाहीतर गोकुळपेठ बाजारातले फोटो कोणाला दाखवले की एक प्रश्न हमखास येतो, "दादा, तुमची संत्री संत्र्यासारखी दिसतात, आमची पिवळी पडतात नाहीतर प्लास्टिकची वाटतात, फिल्टर कोणता लावता?" फिल्टर लावत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग कॅमेरा कोणता? कॅमेरा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट आहे, एक इंची म्हणतात तो सेन्सर, जो प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो (नावात इंच आणि मोजायला गेलं तर अर्धाच, हे एक वेगळंच प्रकरण आहे). त्याचा एकच मोठा गुण, तो रॉ फाईल देतो, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं, कॅमेऱ्याने न शिजवलेलं. बाकी काम घरी बसून करायचं असतं.

आधी पिवळं का पडतं ते बघा, कारण ते कळलं की निम्मं काम झालं. संत्र्याच्या रंगात लाल भरपूर, हिरवा त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि निळा नावालाच. ऊन पडलेल्या सालीवर एक्स्पोजर जरा वाढलं की लाल चॅनल (म्हणजे लालचा आकडा) सगळ्यात आधी भरतो, जेपीजी 8 बिटची असते, तिच्यात 255 च्या वर आकडाच नाही, त्यामुळे लाल तिथेच अडकतो आणि हिरवा मात्र वर चढत राहतो. लाल अडकला आणि हिरवा वाढला म्हणजे काय, पिवळा. म्हणून एकाच संत्र्याची उन्हातली बाजू पिवळी आणि सावलीतली बाजू बरोबर येते. दसऱ्याच्या झेंडूचं हेच होतं, आणि लाल शालूचा जो सपाट ठिगळासारखा गोळा होतो तोही ह्याच घराण्यातला.

आता गंमत अशी की हा लाल बहुतेक वेळा सेन्सरवर अडकलेलाच नसतो. सेन्सरवरच्या बायर फिल्टरमध्ये (कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं पेटंट, 1976 चं) दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, आणि त्यातल्या प्रत्येक हिरव्या पिक्सेलला लालपेक्षा प्रतिसाद जास्त मिळतो, म्हणून दिवसाच्या उजेडात पांढरा पांढरा दिसावा यासाठी कॅमेरा लालला साधारण दुपटीने गुणतो, मग त्यावर कॉन्ट्रास्ट, मग सॅच्युरेशन, आणि ह्या सगळ्या पाहुणचारात लाल फुटतो, म्हणजे 255 ला जाऊन अडकतो. रॉमध्ये हे काहीच झालेलं नसतं. 12 बिटची रॉ असेल तर एका चॅनलला 4096 पायऱ्या, जेपीजीत 256. म्हणजे जेपीजीत पिवळं पडलेलं संत्रं रॉमधून पुष्कळदा सहीसलामत परत येतं. पुष्कळदा म्हणतोय, नेहमी नाही, छोट्या सेन्सरला एक मर्यादा असते आणि खरंच फुटलेला चॅनल कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फक्त अंदाजाने रंगवतं.

म्हणून काढतानाच मी एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉपच्या आत कमी ठेवतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), उन्हातल्या ढिगावर तर नक्कीच. आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, तुम्ही रॉ काढत असलात तरी मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) साधारणपणे जेपीजीचाच असतो. तुमचा पिक्चर स्टाइल व्हिव्हिडवर असेल तर तो उगाच फुटलेला दाखवणार. न्यूट्रलवर ठेवा, कॉन्ट्रास्ट-सॅच्युरेशन खाली घ्या, स्क्रीनवर फोटो मरगळलेला दिसेल, दिसू द्या, निदान हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ जातो. आणि तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम मिळत असेल तर फक्त लाल बघायचा.

घरी फाईल उघडली की पहिला धक्का बसतो. एक सेकंद झकास रंग दिसतात आणि मग डोळ्यांदेखत फोटो फिका होतो. काही बिघडलेलं नाही, आधी दिसली ती रॉच्या आत ठेवलेली कॅमेऱ्याची जेपीजी, नंतर सॉफ्टवेअरने स्वतःच्या हिशोबाने रॉ उघडली. रॉ उघडायची डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही उत्तम, महिन्याचे पैसे भरायची काही गरज नाही. कडा वाकलेल्या दिसल्या तर घाबरू नका, कॉम्पॅक्टच्या लेन्स तशाच असतात, वाइडला जास्तच, कॅमेरा जेपीजीत गुपचूप सरळ करतो, रॉमध्ये लेन्स करेक्शन आपण लावायचं.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग वजा करून पांढरं पांढरं दाखवणं, आणि खरी मारामारी इथेच आहे. आपल्या बाजारात प्रत्येक दुकानावर निळी ताडपत्री. वरून निळा उजेड, बाजूच्या फटीतून कोवळं पिवळं ऊन, आणि मध्ये केशरी ढीग. ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा एवढा मोठा केशरी गठ्ठा बघून त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, तो सगळं निळ्याकडे ढकलतो आणि संत्री मातकट होतात. ह्याला उपाय ग्रे कार्ड, साधं राखाडी रंगाचं कार्ड. ढिगावर ठेवायचं, एक फोटो काढायचा, उचलायचं, घरी त्या फोटोतल्या कार्डावर पिकर (सॉफ्टवेअरमधलं रंग उचलायचं टूल) लावला की उरलेल्या सगळ्यांना तोच आकडा. एकदा एका संत्रेवाल्या काकांनी विचारलं, "हे कोन्तं कार्ड होय भाऊ, आधार का?" आणि मग शेजारच्यालाही बोलावून दाखवलं. कार्ड नसेल तर लोक कोणाच्या तरी पांढऱ्या टोपीवर नाहीतर धोतरावर पिकर लावतात, ते करू नका. आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते, सॉफ्टवेअर त्या निळसर पांढऱ्याला स्वच्छ पांढरा धरतं आणि अख्खा फोटो पिवळा करून ठेवतं. दोन उजेड एकत्र असतील तर मी ताडपत्रीखालच्या भागाला एक आणि उन्हाच्या भागाला मास्क घालून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) दुसरा असा हिशोब करतो, पण पूर्ण नाही करत, थोडा निळसरपणा राहू देतो, ताडपत्री होती ना तिथे.

रात्रीच्या स्वस्त एलईडीचं मात्र काही करता येत नाही. त्या उजेडात गडद लाल मुळातच कमी असतो, म्हणून सावजीचा रस्सा फोटोत चिखलासारखा येतो, आणि जो रंग उजेडातच नव्हता तो स्लायडर ओढून कुठून येणार?

आता प्लास्टिकचा प्रश्न. संत्री अजून केशरी हवीत म्हणून सॅच्युरेशन ओढलं की ती आधी चमकतात आणि मग सालीवरचे बारीक खड्डे जातात, देठाजवळची ती फिकी सुरकुती जाते, उरतो नुसता केशरी चेंडू. कारण रंग एसआरजीबीच्या (फोटोत किती रंग मावतात त्याची नेहमीची चौकट) काठाला जाऊन आपटला, पुढे जागाच नाही, सगळे वेगवेगळे केशरी एकाच केशरीत चेपले गेले. मी सॅच्युरेशनला हात लावत नाही, फक्त ऑरेंजची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली घेतो. उजेड कमी केला की तोच रंग गहिरा वाटतो आणि खड्डे जागेवर राहतात. करून बघा.

"मग अ‍ॅडोबी आरजीबी (तशीच, पण मोठी चौकट) वापरू का?" हेही विचारतात. कॅमेऱ्यातल्या त्या सेटिंगचा रॉवर काहीही परिणाम होत नाही, ते फक्त जेपीजीसाठी. आणि 1998 च्या ह्या अ‍ॅडोबी आरजीबीचा लाल टोकाचा बिंदू आणि 1996 च्या एसआरजीबीचा लाल बिंदू एकच आहे, जास्तीची जागा मुख्यतः हिरव्या आणि निळसर-हिरव्या रंगांत मिळते. पेंचच्या जंगलाला थोडी मदत होईल, संत्र्याला जवळपास नाही. उलट अशी फाईल लॅबला दिली आणि त्यांच्या मशीनने प्रोफाइल (फाईलमधली कोणती चौकट ते सांगणारी नोंद) वाचलंच नाही तर सगळं फिकं. बाहेर द्यायची फाईल एसआरजीबीत काढायची, प्रोफाइल आत टाकून, विषय संपला. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगायचं, नाहीतर त्यांचं मशीनही केशरी ढीग बघून तेच करतं जे ऑटो व्हाइट बॅलन्सने केलं होतं.

प्रिंट काळपट येण्याची तक्रार असेल तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस बघा. शंभर टक्क्यांवर ठेवून एडिट केलं की प्रिंट अंधारी येणारच, साधारण 120 कँडेला (दर चौरस मीटरला, स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुरे. आपल्याकडे मे महिन्यात तर पडदे ओढून, कूलर लावून दिवसाही अंधारात बसतो आपण, त्यात स्क्रीन दुप्पट उजळ वाटते. नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) बंद आहे ना तेही बघा, मी ह्या एका गोष्टीवर लोकांचे अख्खे लग्नाचे अल्बम निळे झालेले पाहिलेत. स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारा कॅलिब्रेटर महाग आहे, पण चार मित्रांत एक पुरतो.

सगळंच रॉमध्ये काढा असं माझं म्हणणं नाही, वाढदिवसाला जेपीजी चालते. आणि आंबिया बहाराचा (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक, दुसरा मृग) सुरुवातीचा माल येतो तेव्हा सालीवर हिरवट झाक असतेच, ती मी तशीच ठेवतो. त्यावरून "रंग फिका का आला" असं विचारणार असाल तर मृग बहार येऊ द्या, फेब्रुवारीत काढू पुन्हा.