जपानची हत्यारं जरूर आणा, दगड मात्र कारखान्यातलाच घ्या

क्योतोत धार लावायचा नैसर्गिक दगड विकत घेऊ नका. घाईत असाल तर एवढं एक वाक्य वाचून थांबलात तरी चालेल.

अण्णा म्हणजे माझे शेजारी. पिंपरीच्या एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणाऱ्या खात्यात, त्यांनी सगळी नोकरी केली. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं जपानला गेलो ते निव्वळ सुतारकामाच्या हत्यारांसाठी. तुम्हाला धार लावता येते आणि भरलेली बॅग स्टेशनच्या जिन्यावरून उचलता येते, असं धरूनच पुढचं लिहितोय.

निघण्याआधी जो तो एकच सांगत होता, क्योतोचा दगड एकदा वापरलात की दुसऱ्याला हात लावणार नाही. त्यात तथ्य नाही असं नाही. क्योतोच्या पश्चिमेला, नारुताकी-नाकायामाकडच्या डोंगरांत अतिशय बारीक कणांचा गाळाचा दगड निघायचा आणि पटाशीची, रंध्याच्या पात्याची शेवटची धार त्यावर काढायचे. आता बहुतेक खाणी बंद आहेत. माल येतो तो बराचसा जुन्या साठ्यातून, त्यामुळे भावाला धरबंद नाही. नाव मोठं, माल थोडा आणि गिऱ्हाईक परदेशी! लुबाडायला आणखी काय लागतं?

आम्ही गेलो ते दुकान चकाचक होतं, माणूस कमालीचा अदबशीर. दगडावर नाकायामाचा शिक्का, किंमत ३२,००० येन, म्हणजे तेव्हाच्या भावानं जवळजवळ १८,००० रुपये. अण्णा म्हणाले, "एखादी पटाशी द्या, घासून बघतो." मी ते मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. तो हसला, वाकला आणि दुकानातला पातळ सुरा दोनदा फिरवून दाखवला. सुऱ्याची एवढीशी धार दगडावर टेकते, त्यात दोष काय दिसणार? पटाशीचा अख्खा उतार टेकतो, तिथे दगडाचं पितळ उघडं पडतं.

तरी दगड घेतला आणि रात्री हॉटेलच्या बेसिनवर ते पितळ उघडं पडलंच. दगड भिजवला, नवी पटाशी दोन बोटांनी दाबून ओढली. राखाडी चिखल छान सुटत होता. पण प्रत्येक ओढीला दगडाच्या एकाच जागी 'खर्र' व्हायचं. पाणी पुसून दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा केसाएवढी काळसर रेघ दिसली, कोपऱ्यातून निघून मधोमध गेलेली. नखाला लागत नव्हती, पोलादाला बरोबर लागत होती. पटाशीच्या उतारावर समांतर ओरखडे, सगळे त्याच अंतरावर. अशा कठीण रेघा नैसर्गिक दगडात असतात. कोरून काढता येतात, पण रेघ आत किती खोल गेलीय हे आधी कळत नाही. शिवाय हा दगड थरांचा असतो. बाजूंना लाख किंवा वॉर्निश लावलं नाही तर पाणी शिरून थर सुटतात. आमच्या दगडाच्या बाजू कोऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दगड परत करायला गेलो तर उत्तर मिळालं, करमुक्त विक्री झाली, आता रद्द होत नाही. वाकणं मात्र कालच्याइतकंच खोल. पुढे मिकी या गावी हत्यारांच्या जत्रेत एका मांडवातल्या आजोबांना दगड दाखवला. त्यांनी शिक्क्यावर ओला अंगठा फिरवला, शाई अंगठ्याला आली. एवढंच केलं आणि दगड परत दिला. शाईचा शिक्का कुणीही मारू शकतो, त्यावरून खाण कळत नाही. घ्यायचाच असेल तर दगड पूर्ण ओला करून, रुंद पटाशी स्वतःच्या हातानं घासून मगच पैसे काढा. घासू देत नसतील तर दुकानातून बाहेर पडा, भिडेला पडू नका.

आता उपयोगाचं. शॅप्टन या कंपनीचे कुरोमाकू नावाचे कारखान्यातले दगड घ्या, १००० नंबरचा नारिंगी आणि ५००० नंबरचा (नंबर मोठा तेवढा दगड बारीक). दोन्ही मिळून त्या नैसर्गिक दगडाच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. वरून पाणी शिंपडलं की काम सुरू, बादलीत बुडवून ठेवू नका. किंग या दुसऱ्या कंपनीचा १००० नंबरचा स्वस्त आहे आणि हाताला गोड लागतो, पण तो आधी भिजवावा लागतो आणि लवकर मधे खोलगट होतो. दगड सपाट करायला हिऱ्याचे कण बसवलेली पाटी याच खरेदीत उरका. घरी आल्यावर नैसर्गिक आणि ५००० नंबरच्या दगडावर धार काढलेल्या दोन पटाश्या सागावर चालवून पाहिल्या, कुठली कुठल्या दगडाची ते अण्णांना ओळखता आलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय.

मिकी हे कोबे शहरामागचं हत्यारांचं गाव. कोबेतल्या शिनकाइचीहून शिनतेत्सू रेल्वेची आओकडे जाणारी गाडी घ्या, तासाभराचा प्रवास. लोहारांकडून थेट स्वस्तात मिळतं, ही निव्वळ अफवा आहे. लोहार सहसा आपला माल घाऊक व्यापाऱ्याला देतो, दारात आलेल्या पाहुण्याला विकत बसत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी हत्यारांची जत्रा भरते तेव्हा जा, नाहीतर महामार्गावरच्या मिचि-नो-एकीच्या, म्हणजे प्रवाशांच्या थांब्याच्या, वरच्या मजल्यावर प्रदर्शन-विक्री आहे तिथे जा. ती जागा स्टेशनला लागून नाही, टॅक्सी करा. जत्रेत रोकड लागते. पटाश्या मात्र तिथे अशा मिळाल्या की अण्णा परतीच्या गाडीत गुणगुणत होते! कोबेत ताकेनाका सुतारहत्यार संग्रहालय आहे, शिन-कोबे स्टेशनपासून पायी जाता येतं, सोमवारी बंद. चांगलं आहे, बघा.

जपानी हत्यार बहुतेक करून मऊ लाकडासाठी घडवलेलं असतं, सुगी आणि हिनोकीसाठी. हे विकताना कुणी सांगत नाही. आपल्या शिसवावर किंवा बाभळीवर दुकानातल्या कोनानं पटाशी मारलीत तर धारेचे तुकडे पडतील. धारेचा कोन ३० ते ३५ अंशांवर आणा, सागाला ३० पुरे. पोलादाच्या 'पांढरं' आणि 'निळं' अशा दोन जाती असतात. पांढरं लवकर धार घेतं, निळ्याची धार जास्त टिकते. रोज काम करणाऱ्यानं निळं घ्यावं. नव्या पटाशीची मुठीवरची कडी सैल असते. ती काढा, मूठ थोडी तासा, कडी खाली बसवा आणि वरचे तंतू ठोकून पसरवा. पटाशीच्या पाठीचा खळगा जपा, पाठ उगाच घासत बसू नका. करवतीचंही तसंच. कारखान्यात कडक केलेले निळसर दात शिसवात तुटतात आणि कानशीनं लावता येत नाहीत, तेव्हा पातं बदलता येणारीच घ्या. रंध्याचं लाकूड जपानच्या हवेतलं असतं. पुण्यात आणल्यावर काही आठवडे नुसतं पडू द्या, मग तळ सपाट करा. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पातं घट्ट बसेल, हातोडी उगारू नका.

करमुक्त खरेदीला एका दुकानात एका दिवशी किमान ५,००० येनचा माल आणि मूळ पासपोर्ट लागतो, १० टक्के वाचतात. जत्रेच्या मांडवांत ही सोय आम्हाला मिळाली नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा, अशी पद्धत आहे. घेतलेली हत्यारं खोक्यात बंद ठेवा, पावती जवळ असू द्या आणि थेट हॉटेलवर न्या. सबळ कारणाशिवाय ६ सेंटिमीटरहून लांब पातं बाळगणं तिथे गुन्हा आहे, पाठीवरच्या सॅकमध्ये उघडी पटाशी घेऊन हिंडू नका.

विमानात सगळं चेक-इनमध्ये. पात्यांना शिलाई मशीनचं तेल चोळा, टोकांवर जाड पुठ्ठा बांधा. दगड बॅगेच्या तळाशी, कपड्यांमधे, एकमेकांना न लागता. वजन दगडच खातात, आमच्या एका बॅगेचं हँडल त्यांनीच तोडलं. मुंबईत कस्टमला सवलत तेव्हा माणशी ५०,००० रुपयांची होती आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. आकडे बदलतात, निघायच्या आठवड्यात बघून घ्या. पावत्या दोघांच्या वेगळ्या करा. आमची सगळी खरेदी एकाच्या कार्डावर होती, तेवढ्यावरून तिथे पाऊण तास वाद झाला. दगडाची पावती बघून अधिकाऱ्यानं विचारलं, "एवढे पैसे दगडाला?" अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.