लाल मिरची, हिरवं लुगडं आणि मोनोक्रोम विभाग

उमरेड-भिवापूर पट्ट्यात हिवाळा सरत आला की मिरचीचे सातरे सुरू होतात. मोकळ्या जागेत मिरचीचे ढीग पडतात आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया सकाळपासून देठ खुडायला बसतात. तोंडाला फडकं, हाताची आग, मजुरी वजनावर. मी याच भागातल्या एका गावात ई-सेवा केंद्र चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढतो. कॅमेरा कॅननचा, सेकंडहँड, सोबत १८-५५ची लेन्स.

दोन वर्षांपूर्वी एका सातऱ्यावर काढलेला फोटो मला फार आवडला होता. हिरव्या लुगड्यातली एक मावशी, मांडीशी ढीग, चिमटीत एक मिरची. तो कृष्णधवल करून मिरची तेवढी लाल ठेवायची, असं मनात आलं. जिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी केली, वरची कॉपी डिसॅच्युरेट केली, म्हणजे तिचा रंग काढला, तिला पांढरा मास्क लावला आणि काळ्या ब्रशने मिरच्यांवरून फिरत गेलो. जिथे ब्रश लागतो तिथे खालचा रंग वर येतो. ऐकायला सोपं आहे, पण मिरचीच्या कडेला ब्रश जरा सरकला की बोटांना लाली चढायची. देठांचं तर ठरतच नव्हतं: हिरवे राहू द्यायचे की राखाडी करायचे? दोन रात्री त्यात गेल्या. फोटो तयार झाला तेव्हा गावात ज्याला दाखवला त्याला आवडला.

हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेत तो मोनोक्रोम विभागात पाठवला. रंगीत भाग एवढासा, बाकी सगळा कृष्णधवल, म्हणजे विभाग मोनोक्रोमच, असं मी धरून चाललो होतो. निकालात माझ्या नावापुढे गुणच नव्हते, फक्त ‘अपात्र’. कारण दिलेलं नव्हतं. नागपूरच्या एका जाणत्या हौशी छायाचित्रकारांना फोन केला. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “फोटो वाईट नाही, विभाग चुकला.”

मग मी व्याख्या मुळातून वाचली. भारतातल्या बऱ्याच स्पर्धा फिआप या छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या वापरतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीच्या छटा असलेला फोटो मोनोक्रोम. पूर्ण फोटोला एकच टोन दिला, उदाहरणार्थ सगळा सेपिया केला, तरी तो मोनोक्रोमच राहतो. पण टोन अर्ध्यालाच दिला किंवा एक रंग वरून घातला की तो रंगीत विभागाचा. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकाच्या व्याख्येत तर अशा ठिपक्यापुरत्या रंगाचा वेगळा उल्लेखच आहे. तो रंग नंतर भरला की मूळचाच राखला, याने फरक पडत नाही. फोटो तसा दिसतो, एवढं पुरे. फोटोजर्नालिझम विभागात त्यांच्या नियमाने कृष्णधवल करता येतं, पण पूर्ण फोटो. अर्धामुर्धा नाही.

आमच्या घरी आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो आहे. मूळ कृष्णधवल, त्यावर रंगाऱ्याने आजीचे गाल गुलाबी आणि साडीचा काठ हिरवा रंगवलेला. वाचता वाचता तो आठवला. या व्याख्येने तोही रंगीतच ठरतो, आणि मला ते पटलं. आजीचा तो फोटो आम्ही कधी कृष्णधवल म्हणून पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या एका स्पर्धेत लाल मिरचीचा फोटो रंगीत विभागात पाठवला. तिथे तो पात्र ठरला, निवडला गेला नाही. इकडे मूळ फाइल पूर्ण कृष्णधवल करून पाहिली आणि धक्का बसला. मिरची गायब! लुगड्यापुढे धरलेली चिमटीतली मिरची आणि लुगडं एकाच राखाडीत मिसळून गेले होते.

कारण शोधायला आयड्रॉपर, म्हणजे फोटोतल्या एखाद्या जागेचा रंग मोजणारं साधन, घेऊन आकडे पाहिले (प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये). मिरची साधारण लाल २००, हिरवा ३०, निळा ३०. लुगडं लाल ४०, हिरवा ११०, निळा ६०. राखाडी काढण्याच्या एका नेहमीच्या सूत्रात लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो. गुणाकार केला तर मिरची ८१, लुगडं ८४. डोळ्याला जे दोन रंग एकमेकांच्या अगदी उलट दिसतात, त्यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ नव्हताच. माझा फोटो सगळा लाल रंगावर उभा होता.

यावर उपाय म्हणजे फिल्मच्या काळातला लाल फिल्टर. जिंपमध्ये तेच काम मोनो मिक्सर करतो: राखाडीत लाल, हिरवा, निळा किती धरायचा ते तिथे ठरवता येतं. फक्त लाल चॅनल घेतला तर मिरची २००, लुगडं ४०. मिरची लख्ख उठली, पण मावशीचे हात मेणाचे झाले. कातडीतही लाल भरपूर असतो, त्यामुळे सुरकुत्या, भेगा, सगळं उजळून पुसलं गेलं. मला ते अजिबात चालणार नव्हतं. बरेच प्रयोग करून लाल ०.६, हिरवा ०.४, निळा शून्य यावर थांबलो. मिरची १३२, लुगडं ६८, आणि हातावरच्या रेषा जागेवर. तिघांची बेरीज एक ठेवली की एकूण उजेड फारसा हलत नाही.

तरीही हा फोटो मी पाठवला नाही. रंग गेल्यावर दिसलं की हात कडेला आहेत आणि मधोमध नुसता ढीग आहे. पुढच्या हंगामात त्याच सातऱ्यावर गेलो, मावशीच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि हातांचाच फोटो काढू का म्हणून विचारलं.

“माया हाताचा काहाले काढतं बाप्पा? तोंड बरं नाई का?”

“तोंडाचा पण काढतो मावशी. पण आधी हात.”

सकाळी नऊच्या आत, ऊन तिरपं असताना काढला. तिरप्या उन्हात मिरचीच्या सालीवर बारीक चमक येते आणि नखांच्या कडा दिसतात. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या स्वरूपात घेतली, त्यामुळे कृष्णधवल करताना रंगांची पूर्ण माहिती हाताशी राहते. मिक्सरचे आकडे आधी तेच धरले, मग यावेळी लुगडं निळं असल्याने थोडे बदलले. लांब बाजू १९२० पिक्सेल, रंगपद्धती एसआरजीबी, फोटोवर नाव नाही, हे सगळं नियमावलीशी दोनदा ताडून मोनोक्रोम विभागात भरला. निवड झाली. बक्षीस नाही, स्वीकृती. माझ्यासाठी ती फार मोठी होती.

प्रिंट काढून सातऱ्यावर नेला. मावशीने फडक्याला हात पुसले आणि तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग शेजारणीला दाखवत म्हणाली, “हे पाय, अंगठा कसा झाला माया.” शेजारणीने स्वतःचा अंगठा फोटोशेजारी धरला. जुना, लाल मिरचीचाही प्रिंट मी सोबत नेला होता. तोही तिने मागून घेतला, म्हणाली, “हा भितीले लावतो.”